केसाची केस

मराठी मध्यमवर्गाने माणसाच्या शरीराचे दोन भाग पाडले आहेत. एक, ज्याच्या दुखण्याबद्दल चारचौघांत तासन्‌तास बोलता येते. त्यात हृदय, गुडघे, पित्त आणि साखर येते. बायपास झालेला गृहस्थ तर सदऱ्याची बटणे काढून टाके दाखवल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावत नाही. दुसरा भाग म्हणजे माकडहाडाखाली जे काही आहे ते सगळे. तिथे काहीही झाले तरी बाहेर ‘पाठीचं जरा दुखतंय’ म्हणायचे, घरात ‘मूळव्याध’ म्हणायचे, सुरणाची भाजी करायची आणि विषय बंद करायचा.

या सोवळेपणाच्या आडोशाला एक रोग सुखाने नांदतो आहे. त्याचे नाव पिलोनायडल सायनस. नाव लॅटिन, अर्थ ‘केसांचे घरटे’. बॉस्टनच्या हॉजेस नावाच्या डॉक्टरांनी १८८० साली हे बारसे केले. ढुंगणाच्या वरच्या फटीत (लिहिला एकदाचा शब्द!) गळून पडलेला केस मुळाच्या बाजूने कातडीत शिरतो. केसाला खवले असतात. त्यामुळे कुसळासारखा तो पुढेच सरकतो, मागे येत नाही. पाठोपाठ दुसरा येतो, तिसरा येतो. मग आत पोकळी, पू आणि बसता येऊ नये असा ठणका. ऐन विशीतल्या, केसाळ अंगाच्या, दिवसभर बसून असणाऱ्या मुलांना हा विशेष होतो. केसाने गळा कापतात हे आपण ऐकून होतो. पण केसाचे कार्यक्षेत्र त्याहून बरेच खालपर्यंत आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातले सुमारे ८०,००० जवान या केसापायी इस्पितळात पडले. जीपमध्ये आदळून आदळून होतो म्हणून १९४४ साली त्याला ‘जीप रोग’ असेही नाव मिळाले. एवढी पलटण आडवी करायला शत्रूला किती दारूगोळा लागला असता!

माझे भांडण मात्र केसाशी नाही, उपायाशी आहे. हा रोग जन्मजात आहे, तेव्हा तो मुळासकट खणून काढला पाहिजे, असे सर्जन मंडळींनी पूर्वी ठरवले. १९४६ साली लंडनच्या पेटी आणि स्कार्फ या दोघांनी (ही माणसांची नावे आहेत, आहेराची यादी नव्हे) सांगितले की बाबांनो, केस बाहेरून आत जातो. पुरावा हवा तर न्हाव्याचा हात बघा. हाच रोग त्याच्या बोटांच्या बेचक्यात होतो, आणि आतला केस असतो गिऱ्हाइकाचा! आता गिऱ्हाइकाचा केस घेऊन कोणता न्हावी जन्माला येतो?

पण हातात सुरी असली की माणसाला फोड नाही, कलिंगड दिसते. माझ्या भाच्याला शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी हे दुखणे झाले. एका मोठ्या इस्पितळातले सर्जन म्हणाले, “काही काळजी करू नका, मुळापासून काढून टाकतो.” काढले. लिंबू मावेल एवढा खड्डा पडला. तो उघडाच ठेवला आणि त्यात रोज हातभर गॉज भरायचे. असे अडीच महिने. पोरगा पालथा पडून पुस्तक वाचायचा. परीक्षा हुकली. भेटायला येणाऱ्यांना त्याची आई सांगायची, “पाठीचं जरा.” पाठीला एवढी शिक्षा कशाची, हे विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

“मामा, त्यांनी आतून काय काढलं माहितेय? चार केस!” असे तो म्हणाला, तेव्हा डोंगर पोखरून उंदीर काढणे हा वाक्प्रचार मला नव्याने समजला.

बरे, दुसरा मार्ग नव्हता म्हणावे, तर तसेही नाही. इंग्लंडात लॉर्ड आणि मिलर यांनी १९६५ सालीच लिहून ठेवले की वरची बारीक छिद्रे तेवढी काढा, आतले केस छोट्या ब्रशने साफ करा, पुरे. ओरेगॉनच्या बास्कम यांनी १९८० साली तेच काम आणखी नेटके केले. इस्रायलच्या गिप्स यांनी कागदाला भोके पाडायच्या पंचसारखे हत्यार वापरून तेराशेहून अधिक रोग्यांचा हिशेब २००८ साली मांडला. २०१४ साली इटालियनांनी आत बारीक दुर्बीण घालून दाखवली. पुष्कळदा तेवढ्यापुरती जागा बधिर करून भागते आणि रोगी त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जातो. आणि आपला सुश्रुत! कृश, दुर्बळ आणि भित्र्या माणसाची नाडी शहाण्याने शस्त्राने कापू नये, क्षारसूत्राने छेदावी, असे तो सांगून गेला. त्या यादीत मी तिन्ही जागी बसतो.

रोग फार पसरला किंवा पुन्हापुन्हा उलटला तर मोठी शस्त्रक्रिया लागते, हे मान्य. पण पहिल्याच खेपेला? आणि छोट्या वाटेचे नावसुद्धा रोग्याच्या कानावर न घालता?

उलट बाजूला रिक्षांच्या पाठीवरचे दवाखाने आहेत. ‘लेसर! टाका नाही! पुन्हा कधीही नाही!’ लेसर हा छोट्या उपायांतलाच एक. त्याच्याशी माझे वैर नाही. वैर आहे ‘कधीही’शी. गिप्स यांच्या प्रामाणिक हिशेबात दहा वर्षांत सोळा टक्क्यांना दुखणे परतले होते. रिक्षावर मात्र शून्य!

हाच सोळाचा आकडा पुढे करून सुरीवाले आपल्याला गप्प करतात. “छोट्या भोकाने केलं आणि पुन्हा झालं तर?” झालं तर पुन्हा छोटे भोक पाडा! केस पुन्हा वाढतात म्हणून कोणता न्हावी गिऱ्हाइकाचे डोके मुळापासून काढून टाकतो?