वळण कोणाच्या सोयीचे? मिशनची शाळा, उपक्रम आणि आपली लेकरे

जून जवळ आला की नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात आपल्या वस्तीवरही एकच विषय निघतो. चौथी-पाचवी झालेले लेकरू गावातल्याच शाळेत ठेवायचे, की कर्ज काढून इंग्रजी शाळेत, जमलेच तर एखाद्या ख्रिस्ती मिशनच्या शाळेत घालायचे? आई-बाप दोन कारणे सांगतात. तिथे गाणे, नाटक, स्काउट, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन असे उपक्रम असतात. आणि तिथे पोराला ‘वळण’ लागते. पहिल्या कारणाशी आम्ही पूर्ण सहमत आहोत. दुसऱ्याबद्दल मात्र चळवळीने स्पष्ट बोलायला हवे. वळण म्हणजे नेमके काय, आणि ते कोणाच्या सोयीचे?

आधी ऋण मान्य करू. ज्या काळात गावच्या पंतोजीच्या शाळेत आपल्या पूर्वजांची सावलीही चालत नव्हती, त्या काळात मिशनऱ्यांनी शाळा उघडल्या. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार मुलींची शाळा चालवत होत्या. जोतीरावांनी ती शाळा पाहिली होती आणि सावित्रीमाईंचे अध्यापनाचे शिक्षणही फरारबाईंकडे झाले. फुले दांपत्याने शाळेची कल्पना घेतली, धर्मांतर घेतले नाही. हा विवेक आजही आपल्या उपयोगाचा आहे.

फुल्यांच्या शाळेत काय घडत होते, याचा पुरावा मुक्ता साळवेने ठेवला आहे. या मांग मुलीचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ मध्ये मिशनच्याच ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असा सवाल ती त्यात करते. बक्षीस समारंभात तिने खाऊ-खेळण्यांऐवजी ग्रंथालय मागितले, अशी आठवणही सांगितली जाते. निबंधलेखन हा आजही शाळेतला साधा उपक्रम आहे. पण त्या मुलीला ‘माझा आवडता प्राणी’ लिहायला बसवले असते, तर आपला इतिहास एका दस्तऐवजाला मुकला असता. उपक्रमाची किंमत त्यात मुलाला काय विचारू दिले जाते यावर ठरते.

आता दुसरी बाजू. बाबासाहेबांनी मिशनच्या कामाचे मोल मानले, पण हिशेबही मागितला. मिशनने शिक्षणावर आणि दवाखान्यांवर केलेल्या खर्चाचा मोठा लाभ उच्चवर्णीय हिंदूंनी घेतला आणि अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेला माणूस मागेच राहिला, ही त्यांची टीका होती. आजही चर्चमध्ये आणि ख्रिस्ती संस्थांमध्ये जात टिकून आहे, हे दलित ख्रिस्ती बांधव स्वतःच सांगतात.

आणि ‘चारित्र्य सुधारणे’ या शब्दांचा एक इतिहास आपल्या बारामतीतही आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्यांना सुधारण्यासाठी वसाहती काढल्या आणि त्यातल्या अनेक मिशनरी संस्थांच्या हाती दिल्या. बारामतीच्या वसाहतीचा कारभार ऑस्ट्रेलियातून आलेल्या मिशनकडे होता. अशा वसाहतींत शाळा होती, काम होते, प्रार्थना होती. हजेरीही होती आणि परवान्याशिवाय बाहेर पाऊल टाकायला बंदी होती. मुलांना आई-बापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूद कायद्यातच होती. मिशनऱ्यांपैकी कित्येकांचा हेतू चांगला असेल. पण ज्याचे पोट आणि जमीन हिरावली, त्याचाच स्वभाव बिघडलेला आहे असे धरून त्याला शिस्त शिकवणे, हा त्या व्यवस्थेचा पाया होता. १९५२ च्या ३१ ऑगस्टला या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. दोष माणसात शोधायचा आणि व्यवस्थेला मोकळे सोडायचे, ही सवय मात्र कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

म्हणून आजच्या शाळांतली मूल्यशिक्षणाची तासिका आम्ही संशयाने पाहतो. नखे कापा, रांगेत चाला, उलट बोलू नका, मोठ्यांचे ऐका. स्वच्छता आणि वक्तशीरपणा हव्यातच. पण वर्गात कोणी जातीवरून हिणवले तर काय करायचे, हे त्या तासाला शिकवले जाते का? डब्यातल्या भाजीवरून नाक मुरडणाऱ्या मुलाला कोणी काही सांगते का? फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करणारी शाळा दुसऱ्या तासाला करुणा शिकवत असेल, तर मुले त्यातला कोणता धडा लक्षात ठेवतील?

बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये नियम आणि तत्त्व यांतला फरक मांडला आहे. नियम काय करायचे ते सांगून मोकळा होतो. तत्त्व माणसाला विचार करायला लावते आणि कृतीची जबाबदारी त्याच्यावर टाकते. आपल्या परंपरेत शील आहे ते असे. ते प्रज्ञेपासून आणि करुणेपासून तोडता येत नाही. शीलाशिवाय शिक्षण घातक, असे बाबासाहेब बजावत. तेव्हा चारित्र्याचे शिक्षण नको, असे आंबेडकरी माणूस म्हणूच शकत नाही. फक्त निमूट ऐकण्याला आम्ही चारित्र्य म्हणणार नाही. पिढ्यान् पिढ्या निमूट ऐकलेच आहे.

इथे एक सावधगिरी. ख्रिस्ती शाळांवर मोर्चे नेणारे, नाताळच्या कार्यक्रमात गोंधळ घालणारे लोक आपले मित्र नाहीत. त्यांना जात मोडायची नाही. त्यांच्या ‘संस्कारा’त तर प्रश्नाला जागाच नाही. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे आणि तो आपण राखला पाहिजे. त्याचबरोबर अनुच्छेद २८(३) आई-बापांनी पाठ करावे: शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हे मिशनच्या शाळेला लागू आहे, तसेच मठ-संस्थानांच्या शाळांनाही.

प्रवेशाचा मुद्दाही बोलू. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना दिल्या. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘प्रमती’ निकालाने अल्पसंख्याक शाळा या कायद्यातून वगळल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. अल्पसंख्याकांचा हक्क आणि वंचित मुलांचा हक्क एकमेकांवर घालण्याची गरज नाही. गरिबांची सेवा हे ज्यांचे ब्रीद आहे, त्या संस्थांनी निकालाची वाट न पाहता आपणहून दारे उघडावीत, ही मागणी आपण त्यांच्यापुढे ठेवली पाहिजे.

पण आपली बहुसंख्य लेकरे शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेतच राहणार आहेत. ऊसतोडीला आलेल्या मजुरांच्या मुलांना तर तीही सलग मिळत नाही. म्हणून खरी लढाई तिथे आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते की शिक्षण संविधानाच्या मूल्यांशी सुसंगत, कृतीतून होणारे आणि मुलाला भयमुक्त करणारे असावे. म्हणजे फी भरणाऱ्यांच्या मुलांना मिळणारे उपक्रम आपल्या मुलांचा कायदेशीर हक्क आहेत. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यात वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा असते आणि निम्म्या महिला असतात. या समितीवर आपली माणसे नावापुरती असतात आणि सह्या घरी येऊन घेतल्या जातात. आधी हे थांबवा. बैठकीला जा. ग्रंथालयाचे कपाट उघडे आहे का, प्रयोगाचे साहित्य वापरात आहे का, ‘आनंददायी शनिवार’ प्रत्यक्षात होतो का, हे विचारा. आणि दप्तराविना दिवसांच्या नावाखाली आपल्या पोरांच्या हाती बापाचेच झाडू-फावडे दिले जात नाही ना, यावर डोळा ठेवा.

विहार तर आपल्याच ताब्यात आहे. १४ एप्रिलच्या डीजेवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढला, तर सहावी ते आठवीच्या मुलांसाठी पुस्तकांचे एक कपाट उभे राहते. दर रविवारी तिथे वादसभा घ्या, नाटक बसवा. बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ रंगमंचावर आले ते विद्यार्थ्यांच्या बळावर, आणि दलित रंगभूमीची वाट तिथून पुढे गेली. त्या रविवारच्या सभेत एखादी बारा वर्षांची मुलगी उठून आपल्यालाच अडचणीचा प्रश्न विचारील: घरात स्वयंपाक फक्त आईनेच का करायचा, समितीवर बायका का नाहीत? तिला गप्प बसवू नका. तेव्हा आपण देतो त्या उत्तरावरून आपले शील ठरेल.

जय भीम!