परीक्षा संपते, शाळा उरते

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी एखाद्या शाळेत जाऊन पाहावे. वर्ग उघडे असतात, बाकांवर खडूने लिहिलेले बैठक क्रमांक अजून पुसलेले नसतात, शिक्षक उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे बसलेले असतात आणि पटावरील चाळीसांपैकी सहासात मुले मैदानाच्या कडेला झाडाखाली रेंगाळत असतात. कागदोपत्री शाळा चालू असते. १ मे रोजी निकाल लागेपर्यंत ती चालूच राहावयाची असते. मुलांच्या लेखी मात्र ती संपलेली असते, आणि पालकांच्याही. ‘पेपर झाले ना, मग आता कशाला जायचे?’ या प्रश्नाला घरात कोणाजवळ उत्तर नसते. खरे बोलायचे तर शाळेजवळही नसते.

या रिकाम्या दिवसांवर उपाय म्हणून २०२५ साली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते नववीच्या परीक्षांचे एकच राज्यव्यापी वेळापत्रक काढले. ८ ते २५ एप्रिल या काळात परीक्षा घ्याव्यात आणि १ मे रोजी निकाल द्यावा, असे त्यात ठरवून दिले होते. परीक्षा एप्रिलच्या आरंभीच उरकल्या की मुले येईनाशी होतात आणि अध्यापनाचे दिवस बुडतात, हे त्यामागील कारण. निदान चुकीचे नव्हते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे, आणि या दिवसांची भरती कशी होते हे हजेरीपटाशी संबंध आलेल्या कोणालाही सांगावयास नको. पण औषध कोणते काढले? मूल परीक्षेसाठीच शाळेत येते ना, मग परीक्षाच लांबवा! शिक्षक संघटनांनी विदर्भातील उन्हाकडे आणि उत्तरपत्रिका तपासण्यास उरणाऱ्या चारपाच दिवसांकडे बोट दाखविले, ते रास्तच होते. मात्र या वादावादीत मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. परीक्षा नसेल त्या दिवशी मुलाने आवर्जून यावे असे आपल्या शाळेत आहे तरी काय?

हा प्रश्न सहावी ते आठवीच्या मुलांच्या बाबतीत सर्वाधिक टोचतो. पहिली-दुसरीचे मूल बाईंच्या मायेने येते. दहावीच्या मुलाकडे सारे घर डोळे लावून बसलेले असते. मधली तीन वर्षे मात्र कोणाच्याच हिशेबात नसतात. एके काळी सातवीअखेर व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा होती आणि ‘व्ह. फा. झालेला’ माणूस तलाठी किंवा प्राथमिक शिक्षक होऊ शके. या टप्प्याला स्वतःची अशी प्रतिष्ठा होती. ती परीक्षा परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण आज हा टप्पा नुसता ओलांडून जाण्याचा झाला आहे, आणि नेमक्या याच वर्षांत मुलाचा आवाज फुटतो, मुलीचे शरीर बदलते, मित्रांचा शब्द आईबापांच्या शब्दाहून वजनदार ठरू लागतो, आणि ‘मला गणित येत नाही’ हा समज एकदा बसला की तो जन्मभराची सोबत करतो. देशाच्या ग्रामीण भागातील आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना साधा भागाकार जमत नाही, असे ‘असर’ या पाहणीचे २०२४ चे आकडे सांगतात. तो भागाकार काही आठवीत राहिलेला नसतो. तो चौथी-पाचवीतच राहिलेला असतो आणि पुढे दरवर्षीच्या एप्रिलमध्ये, परीक्षा व निकाल यांच्या मधल्या फटीत, तो आणखी खोल गाडला जातो.

वास्तविक ही फट बुजविण्याची तजवीज आपण कधीच करून ठेवली आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. वर्षभर मुलाकडे लक्ष ठेवावे, त्याला काय येते आणि कोठे अडते ते वेळोवेळी टिपावे, आणि जेथे अडते तेथेच त्याला हात द्यावा, असा तिचा हेतू. हेतू उत्तम होता. पण आज तिचे काय झाले आहे? एप्रिलच्या अखेरीस शिक्षकांच्या खोलीत वर्णनात्मक नोंदींच्या वह्या निघतात. ‘वाचन स्पष्ट करतो’, ‘सुविचार संग्रह करते’, ‘गटकार्यात उत्साहाने भाग घेतो’ अशा ठरीव वाक्यांच्या छापील पुस्तिका बाजारात मिळतात आणि त्यांतून एकेका मुलाच्या वाट्याला तीनचार वाक्ये येतात. पन्नास मुलांचा वर्ग आणि अनेक विषय, अशा स्थितीत शिक्षकाने दुसरे काय करावे? त्याला दोष देण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही, कारण त्या नोंदी कोणी वाचतही नाही. पुढल्या वर्गाच्या शिक्षकाच्या हाती जूनमध्ये त्या पडल्या आणि त्यांतील एखादे वाक्य वाचून त्याने एखाद्या मुलाला वेगळे बसवून शिकविले, असे किती शाळांत घडत असेल? जे लिखाण मुलाच्या कामी यावयाचे, ते दप्तराच्या कामी येते. त्यातून शिक्षकाला निवडणुकीचे काम असतेच. २०२४ साली लोकसभेच्या मतदानाचे महाराष्ट्रातील पाच टप्पे १९ एप्रिल ते २० मे या काळात पडले. त्या एप्रिलमध्ये शाळेचा शेवट कसा झाला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

बीड जिल्ह्यात याच सुमारास आणखी एक गोष्ट घडते, आणि तिचा उल्लेख शिक्षणाच्या चर्चेत क्वचितच होतो. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या फडांवर गेलेली कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्यांचे पट्टे पडले की गावी परततात. त्यांच्यामागे मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण अकराबारा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी पालावर नेली जाते, हेही तितकेच खरे आहे. पाच महिने बुडालेली ही मुलगी एप्रिलमध्ये गावच्या शाळेत येते तेव्हा शाळा तिला काय देते? पहिल्या आठवड्यात प्रश्नपत्रिका देते आणि नंतरच्या आठवड्यात सुट्टी! जिला शाळेची सर्वाधिक गरज तिच्या वाट्याला शाळेचे सर्वांत ओसाड दिवस यावेत, याला योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. वर्षाच्या शेवटच्या तीनचार आठवड्यांत धडा पुढे न रेटता मागे राहिलेल्यांना हाताशी धरले, तर या मुलीसाठी तेच खरे शालेय वर्ष ठरेल.

आता दिनक्रमाकडे वळू. उन्हाळा लागला की शाळा सकाळची होते. २०२५ च्या मार्चअखेर तर राज्यभर सकाळी सातला शाळा भरविण्याचे आदेश निघाले. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात दुपारी वर्ग भरवावेत असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. पण सातची शाळा म्हणजे साडेपाचला उठणे, आणि वाडीवस्तीवरून चालत येणाऱ्यास त्याहूनही आधी. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास आणि तेरा वर्षांपुढील मुलाला आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राविज्ञानाचे तज्ज्ञ सांगतात. शिवाय वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते. या वयाच्या मुलाला रात्री लवकर झोप येत नाही, हा सर्वस्वी मोबाइलचा अपराध नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली या वयोगटाच्या शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी शिफारस केली, ती याच कारणास्तव. आपल्याकडेही २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने झोपेचा विचार केला आणि पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय दिला. चांगले झाले. पण पाचवीपासून पुढच्या मुलांना झोप लागत नाही, असे बहुधा मंत्रालयात गृहीत धरले असावे! उन्हापुढे इलाज नाही हे मान्य करूनही काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पहिला तास गणिताचा न ठेवता वाचनाचा किंवा मैदानाचा ठेवावा. सातच्या शाळेत पोषण आहार अकराला वाढण्याऐवजी नऊच्या आत वाढावा. या वयाच्या मुलाला शिजवून द्यावयाचे दीडशे ग्रॅम धान्य शाळा सुटताना मिळाले, तर उपाशी पोटी सोडविलेल्या गणितांचे काय झाले ते आधीच ठरून गेलेले असते.

यावर कोणी म्हणेल की परीक्षेविना मुले आणि शिक्षक दोघेही सैल पडतील. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. मूल सवयीचे असते आणि आपण त्याला परीक्षेची सवय लावली आहे. पण सवय दुसरीही लावता येते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत होते. तेथील छात्रालयातील मुलांसाठी ते हाताने दैनिक लिहून काढीत. त्या दैनिकावर गुण नव्हते, तरी मुले त्याची वाट पाहत. प्रत्येक शिक्षकाने साने गुरुजी व्हावे अशी अपेक्षा करणे हा दांभिकपणा होईल. तथापि परीक्षेनंतरच्या आठवड्यांत ग्रंथालयाचे कपाट उघडणे, तपासलेली उत्तरपत्रिका मुलाच्या हाती देऊन चुकलेले प्रश्न त्याच्याकडूनच पुन्हा सोडवून घेणे, आठवीच्या मुलांना पाचवीच्या मुलांचे वाचन घ्यावयास बसविणे, ही कामे साध्या माणसालाही साधणारी आहेत. त्यासाठी शिक्षकाला मोकळा वेळ मात्र हवा. तो हवा असेल तर परीक्षा मार्चअखेर संपवून नोंदींची वही निम्म्यावर आणावी लागेल, आणि हे काम शाळेचे नसून शिक्षण खात्याचे आहे.

खात्यापुढे एक तातडीचा हिशेबही आहे. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्रानेही २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला उत्तीर्ण होणे सक्तीचे केले. जो अनुत्तीर्ण होईल त्याला जादा अध्यापन द्यावे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत त्याची फेरपरीक्षा घ्यावी, असे कायदा सांगतो. निकाल १ मे रोजी लागतो. दुसऱ्या दिवसापासून शाळेला कुलूप. ते जूनच्या मध्यास उघडते. विदर्भात त्याहूनही उशिरा. म्हणजे दोन महिन्यांतील सहा-सात आठवडे शाळा बंद, आणि उरलेल्या दिवसांत फेरपरीक्षा. मग हे जादा अध्यापन कोणी, कोठे आणि कोणत्या तारखांना करावयाचे? पुढील वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक काढताना या तारखाही त्याच कागदावर छापून याव्यात.