चांदी राखली, माणसं सोपवली

तिएन्त्सिनच्या ब्रिटिश वसाहतीला कुणी ‘युद्धाच्या वणव्यातलं आश्रयस्थान’ म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. उत्तर चीनमधल्या या बंदरात, म्हणजे आजच्या तिआनजिनमध्ये, १९३९ साली जे घडलं ते ज्याला ठाऊक आहे त्याने हा शब्द उच्चारू नये. आपल्या हद्दीत राहणारी चार चिनी माणसं ब्रिटिशांनी मरणाच्या दारात नेऊन सोडली. त्याच हद्दीतल्या बँकेत ठेवलेल्या चिनी चांदीवर मात्र त्यांनी शेवटपर्यंत जपान्यांचा हात पडू दिला नाही.

ही वसाहत मुळात लुटीतून आलेली. दुसऱ्या अफू युद्धानंतर, १८६० मध्ये, चीनकडून बंदुकीच्या धाकावर हे बंदर उघडून घेतलं गेलं. त्या मोहिमेत हिंदुस्थानातल्या शीख पलटणी होत्या, आणि ज्या व्यापारासाठी चीनला नमवलं त्यातली माळव्याची अफू आपल्या मुंबईच्या बंदरातून जात होती. मुंबईतल्या कित्येक धनिकांची घरं त्या पैशावर उभी राहिली, हे आपण विसरू नये. पुढे वेगवेगळ्या काळात मिळून नऊ देशांनी इथे आपापले तुकडे तोडून घेतले. कर त्यांचा, पोलीस त्यांचे, पहारा त्यांच्या सैन्याचा. जमिनीवर चीनची मालकी उरली ती कागदापुरती.

जुलै १९३७ मध्ये जपानने शहर घेतलं आणि नानकाई विद्यापीठावर बॉम्ब टाकले. ब्रिटिश आणि फ्रेंच वसाहती मात्र जपानी ताब्याबाहेर राहिल्या. जपानविरुद्ध गुप्तपणे लढणारे चिनी तिथे वावरू लागले. ९ एप्रिल १९३९ रोजी ब्रिटिश वसाहतीतल्या एका नाट्यगृहात चेंग शी-कंग यांना गोळ्या घातल्या गेल्या. जपान्यांनी काढलेल्या बँकेचे ते तिएन्त्सिनमधले व्यवस्थापक होते. ब्रिटिश पोलिसांनी संशयितांना पकडलं आणि चौकशीसाठी म्हणून काही दिवस जपान्यांच्या हाती दिलं. तिथे छळ करून कबुलीजबाब काढले गेले. मग मात्र लंडनने माणसं कायमची द्यायला नकार दिला. तो नकार योग्यच होता, आणि तो टिकवायला हवा होता.

१४ जूनपासून जपानने दोन्ही वसाहतींची नाकेबंदी केली. नाक्यांवर संगिनी रोखून इंग्रजांना कपडे उतरवायला लावले. लंडनची वर्तमानपत्रं पेटून उठली, आणि आजही या प्रकरणावर जो तो लिहितो ते त्या इंग्रजांच्या अपमानावर. त्यांचा अपमान झाला हे खरंच. पण त्याच नाक्यांवर सामान्य चिनी माणूस तासन्‌तास उभा होता, धक्के खात होता, आणि त्याला तर हे सारं शहर पडल्या दिवसापासून सोसावं लागत होतं. भाजीपाला, दूध आत येईना. ऑगस्टमध्ये महापुराने शहर बुडालं, वसाहतींमध्येही पाणी शिरलं, तरी नाकेबंदी उठली नाही.

२४ जुलैला टोकियोत ब्रिटिश राजदूत क्रेगी यांनी जपानी परराष्ट्रमंत्री अरिता यांच्याशी जो मसुदा ठरवला, त्यात चीनमधल्या जपानी सैन्याच्या ‘विशेष गरजा’ ब्रिटनने मान्य केल्या. आक्रमण करणाऱ्याची सोय आक्रमण सोसणाऱ्याच्या भूमीवर मान्य करायचा अधिकार ब्रिटनला कुणी दिला होता? त्यानंतर चौघा संशयितांना सोपवायचं ठरलं. त्यांच्या वतीने लंडनच्या न्यायालयात अर्ज झाला, तो फेटाळला गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला, पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं त्याच सुमारास, ही माणसं जपानी अमलाखालच्या न्यायव्यवस्थेच्या हाती गेली. त्यांना ठार मारण्यात आलं.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: ब्रिटनचा नाइलाज होता, हिटलर समोर उभा असताना आरमार पूर्वेकडे पाठवणार कसं? आरमार पाठवता येत नव्हतं, हे मला मान्य आहे. पण मग चांदीचं काय? जपानला माणसं हवी होती तशी ही चांदीही हवी होती. तिच्या आधारावरचं चिनी सरकारी चलन बुडवून आपलं चलन उत्तर चीनवर लादायचा त्याचा डाव होता. तिथला ब्रिटिश व्यापार त्या चिनी चलनावर चालत होता. म्हणून चांदीच्या प्रश्नावर ब्रिटिश मुत्सद्दी अडून बसले, वाटाघाटी मोडल्या तरी हटले नाहीत. तेव्हाही आरमार पूर्वेला नव्हतंच. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना, ब्रिटन त्याहून दुबळा झालेला असताना तडजोड झाली, तीही अशी की थोडा भाग मदतकार्यासाठी काढून उरलेली चांदी ब्रिटिश आणि जपानी अशा दोन्ही मोहरा लावून बँकेतच राहिली. नाकेबंदी उठली.

म्हणजे दुबळेपणातही अडून बसता येत होतं. वर्षभर खलिते लिहून, बैठका लांबवून, अटी घालून एखादी गोष्ट हातची जाऊ न देणं ब्रिटिशांना जमत होतं, हे त्यांनीच दाखवून दिलं. ते कष्ट त्यांनी चांदीसाठी घेतले. त्या चौघांसाठी जूनपासून सप्टेंबरपर्यंतसुद्धा त्यांचा धीर टिकला नाही. ‘नाइलाज’ म्हणणाऱ्या प्रत्येक इतिहासकाराने आधी या फरकाचं उत्तर द्यावं.