ॲव्हरेज किती देते?

बाईक घ्यायला गेलेला नागपूरकर शोरूममध्ये पाय ठेवल्याबरोबर पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" टॉप स्पीड नंतर, रंग त्याच्याही नंतर. वीस वर्षांचा पोरगा असो की पेन्शनीत निघालेले काका, प्रश्न तोच. मात्र तोच पोरगा घरून पैसे मागून ग्राफिक्स कार्ड घ्यायला सीताबर्डीत जातो, तेव्हा हा प्रश्न त्याला सुचतच नाही. तिथे तो विचारतो, "एफपीएस किती?" संपलं!

मी इलेक्ट्रिकलचा. त्यामुळे असेल कदाचित, पण मला हा प्रकार फार खटकतो. दर वर्षी ॲडमिशन आटोपल्या की ज्युनिअर मंडळी येतात. "दादा, पाचशे ऐंशी घेऊन घेऊ का? आठ जीबीचं आहे, एकदम स्वस्तात भेटून राहिलं." पाचशे ऐंशी म्हणजे एएमडीचं आरएक्स ५८०, एप्रिल २०१७ मध्ये आलेलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं ग्राफिक्स कार्डावर चालणारं मायनिंग बंद केलं आणि अशी हजारो कार्डं सेकंड हँड बाजारात येऊन पडली. अजूनही फिरताहेत. कार्ड वाईट नाही हो. आपल्या काळात ते उत्तमच होतं. पण त्याच्या कपाळावर १८५ वॅट लिहिलेलं आहे, ते कुणी वाचत नाही.

त्याच्या शेजारी एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० ठेवा. आठ जीबीवालं नव्हे, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं सहा जीबीवालं. नाव सारखंच ठेवून कंपनीनं गोंधळ घातलाय, म्हणून दुकानात नीट बघून घ्या: आठवालं १३० वॅट घेतं, सहावालं ७०. हे सहावालं गेममध्ये ५८० च्या तोडीचं आहे, पुष्कळ ठिकाणी पुढेच. म्हणजे काम तेच आणि वीज निम्म्याहून कमी. नवीन असल्यामुळे महाग पडतं, हे खरं. प्रश्न एवढाच की तो जास्तीचा पैसा वसूल होतो की नाही.

चला, हिशेब करू. फरक ११५ वॅटचा. रोज चार तास गेम (कमी सांगतोय, मला तुमची हॉस्टेलं माहीत आहेत!) म्हणजे दिवसाला ०.४६ युनिट, महिन्याला चौदाच्या आसपास, वर्षाला १६८. महावितरणचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो: शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यावर चौथा. ही जास्तीची युनिटं नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, हे लक्षात ठेवा. सोपं जावं म्हणून सरसकट दहा रुपये धरले तरी वर्षाला १६८० रुपये. डिग्रीची चार वर्षं म्हणजे पावणेसात हजारांच्या घरात. स्वस्तातलं कार्ड आता किती स्वस्त राहिलं?

आणि हे पैसे देतं कोण? तीन पार्टनर एका खोलीत राहतात, सबमीटरचं बिल समान वाटून भरतात. गेम खेळतो एक. बाकीचे दोघे गेटची तयारी करता करता त्याच्या हेडशॉटचे पैसे मोजतात. आमच्या मजल्यावर यावरून झालेली भांडणं मी सोडवलेली आहेत. घरी राहणाऱ्यांचं तर विचारूच नका, तिथे बिल बाबा भरतात आणि पोराला वाटतं वीज फुकटच आहे.

पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. आठवड्यातून एखादा तास खेळणाऱ्याला हा फरक वर्षाला सहा युनिटांचा, म्हणजे साठ रुपयांचा पडतो. त्यानं खुशाल ५८० घ्यावं. फक्त आधी कॅबिनेट उघडून आत काय बसवलंय ते बघावं.

कारण खरी गोम तिथे आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅबिनेटसोबत जो एसएमपीएस "फ्री" येतो, त्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट छापलेलं असतं. त्या आकड्याकडे बघूच नका. स्टिकरवर छोटा तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १८ अँपिअर असतील तर झाले २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात त्याच ताटातून. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली असते, ती आजच्या मशीनला फारशी उपयोगाची नाही. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याच्यावर हवे असतील तर वेगळी वायर लागते: सहा पिनची आणखी ७५ देते, आठ पिनची १५०. ५८० ला आठ पिन लागते. फ्रीच्या एसएमपीएसला ती नसते, मग दुकानदार हार्ड डिस्कच्या जुन्या वायरीला जोडायचा कन्व्हर्टर काढून देतो. कृपा करून तो लावू नका. बारीक वायरीतून इतका करंट नेला की काय होतं हे पहिल्या वर्षाच्या बेसिक इलेक्ट्रिकलमध्येच शिकवलेलं आहे. ७० वॅटच्या ३०५० ला किंवा ७५ वॅटच्या जुन्या जीटीएक्स १६५० च्या साध्या मॉडेलला ही भानगडच नाही. स्लॉटमध्ये बसवलं, चालू केलं.

मग यूपीएस. आपल्याकडे सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस खऱ्या अर्थानं ३६० वॅटचा असतो. ६५ वॅटचा प्रोसेसर, १८५ चं कार्ड, बाकी बोर्ड-डिस्क-पंखे मिळून ४० धरा, झाले २९०. एसएमपीएसची एफिशिअन्सी ८२ टक्के धरली तर भिंतीतून ३५४ ओढले जातात, मॉनिटरचे २५ मिळवले की ३७९. लाईट गेली की यूपीएस तुम्हाला "सेव्ह करा" म्हणायलाही थांबणार नाही, टुक करून बंद. तोच हिशेब ७० वॅटच्या कार्डानं केला तर २३८ होतात आणि प्रोजेक्ट रिपोर्ट सेव्ह करायला वेळ मिळतो. २००५ नंतरच्या त्या लोडशेडिंगच्या वर्षांत ज्यांनी विदर्भात कॉम्प्युटर चालवला, त्यांना हे सांगावं लागत नाही. आता तसं लोडशेडिंग नाही, पण मान्सूनपूर्व वादळात लाईट जायची ती जातेच.

आता आपल्या गावाची खासियत, ऊन. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. (मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं, पण तो सेन्सरच बिघडलेला निघाला. तरी आपण देशभर मिरवून घेतलं!) परदेशी परीक्षणं वाचताना हे डोक्यात ठेवा. ती मंडळी एसी लावून साधारण २२ अंशांच्या खोलीत कार्ड तपासतात आणि लिहितात, तापमान ६८, छान. कार्ड खोलीपेक्षा किती अंश वर जातं ते मोजायचं असतं. तिथे ४६ वर गेलं, तर मे महिन्यात ४० अंशांच्या आपल्या खोलीत ते ८६ ला पोचणार. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ च्या आसपास स्वतःच क्लॉक कमी करू लागतात. म्हणजे ज्या एफपीएससाठी पैसे मोजले, तेच मेमध्ये मिळत नाहीत. शिवाय तापलेल्या चिपमध्ये लीकेज वाढतं, म्हणून ती आणखी वीज खाते.

आणि कार्डानं खाल्लेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतो, दुसरीकडे जायला त्याला जागा नाही. आपला कूलर दीड-दोनशे वॅट खाऊन खोली थंड करतो. त्याच्या बाजूला तेवढेच वॅट खाऊन खोली गरम करणारं यंत्र बसवायचं, ही कुठली इंजिनीअरिंग?

मात्र वॅट कमी दिसले म्हणून काहीही उचलू नका. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचं आहे आणि ६५०० एक्सटी १०७ चं, पण दोघांनाही पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन दिल्यात. जुन्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ती अडखळतात. मेमरीही बहुतेक चारच जीबी. इंटेलचं आर्क ए७५० भावाच्या मानानं जोरदार वाटतं, पण बायोसमध्ये एएसपीएम चालू केल्याशिवाय ते नुसतं बसून चाळीसेक वॅट खातं. दुसरी कार्डं तेव्हा दहाच्या आसपास असतात. रोज बारा तास मशीन चालू ठेवणाऱ्याला हा ३० वॅटचा फरक वर्षाला १३१ युनिट पडतो, गेम न खेळता!

बजेट थोडं जास्त असेल तर जून २०२३ चं आरटीएक्स ४०६० बघा, ११५ वॅट. आधीचं ३०६० यापेक्षा हळू होतं आणि १७० वॅट घ्यायचं. बजेट अजिबात नसेल तर कार्डच घेऊ नका. रायझन ५ ५६००जी सारखा ग्राफिक्सवाला प्रोसेसर ६५ वॅटमध्ये कॅड आणि हलके गेम दोन्ही निभावतो. "फायनल इयरला डीप लर्निंग करायचंय, मोठं कार्ड लागेल ना?" असं विचारणाऱ्यांना एकच सांगतो. गुगल कोलॅबवर फुकटात बहुतेकदा जे टी४ कार्ड मिळतं, ते १६ जीबीचं आहे आणि ७० वॅटचं. आपले किती तरी प्रोजेक्ट त्याच्यावरच उभे राहिलेत. आणि त्या कामासाठी ५८० घ्यायचं असेल तर विसराच, कुडा त्याच्यावर चालत नाही.

ज्यांच्याकडे आधीच भुकेलं कार्ड आहे त्यांनी विकायची घाई करू नये. चिपची पॉवर म्हणजे सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी. क्लॉक दहा टक्के आणि व्होल्टेज दहा टक्के उतरवलं तर ०.९ चा घन, म्हणजे ०.७२९. सत्तावीस टक्के वीज वाचली, एफपीएस फार तर दहा टक्के गेले. आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर १४० एफपीएस काढत बसलेल्यांनी तर आधी साठची मर्यादाच लावावी. ते वरचे ऐंशी फ्रेम तुम्हाला दिसत नाहीत, पण त्यांच्यासाठी कोराडीत कोळसा जळतो. एका युनिटला अर्धा किलोहून जास्त. मघाचे १६८ युनिट धरले तर चौऱ्याऐंशी किलोच्या वर.

राहता राहिली कॅबिनेटची जागा. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. हवा थंड लागते म्हणून सगळे तसंच करतात, पण त्या हवेत ओलावा असतो, धूळ तर आपल्याकडे आहेच. दोन्ही मिळून हीटसिंकवर असा थर बसतो की पंखा नुसता ओरडतो, हवा आत जात नाही. कूलर खिडकीत, कॅबिनेट त्याच्या आडव्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर. साफ करायला रंगाचा जुना, कोरडा ब्रश चालतो.