दहा हजार कंपन्यांची यादी

'लीड' हा शब्द मी आयुष्यभर दोनच अर्थांनी ऐकला होता. निवडणुकीत कोण किती मतांच्या लीडवर आहे, आणि क्रिकेटमध्ये किती धावांचं लीड मिळालं. सत्तरी ओलांडल्यावर तिसरा अर्थ कळला. लीड म्हणजे अजून न झालेलं गिऱ्हाईक. आणि अशा न झालेल्या गिऱ्हाइकांच्या याद्या बाजारात विकायला असतात, विड्याच्या पानांसारख्या शेकड्यावर!

हे ज्ञान मला भाच्याने दिलं. त्याचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. जिग, फिक्श्चर, तपासणीचे गेज असं काहीबाही बनवतो. सात कामगार आहेत. दोन गिऱ्हाइकांवर सगळा डोलारा उभा होता, त्यातल्या एकाचं मॉडेल बंद झालं आणि निम्मं काम गेलं. आता नवीन गिऱ्हाईक शोधायचं तर कुठे? मोठ्या कंपन्या वर्षाचे लाखभर रुपये भरून माहिती घेतात, ते याला परवडत नाही. तेवढ्यात कुणीतरी पाच हजारांत 'पुणे-चाकण पट्ट्यातल्या दहा हजार कंपन्या' देऊ केल्या. नमुना म्हणून दोनशे नावं फुकट पाठवली. ती घेऊन स्वारी आमच्याकडे पिंपळे सौदागरला आली. "आत्या, तू आयुष्यभर पेपर तपासलेस, हे जरा तपास."

तपासले. लाल पेन नव्हतं एवढंच. एकच कंपनी तीन स्पेलिंगांनी तीनदा आलेली. काही फोन नंबर सात आकडी; पुण्याचे नंबर आठ आकडी होऊन वीस वर्षं उलटून गेली. चाकणच्या कारखान्यापुढे कोथरूडच्या फ्लॅटचा पत्ता. ही शेवटची गंमत मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे हे अगदी नेहमीचं. यादीवाल्याने सरकारी नोंदीतून पत्ते उचलले आणि कारखाना म्हणून विकले, असं दिसत होतं.

म्हणजे जे फुकट मिळतं तेच पाच हजारांना! कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव, पत्ता, स्थापनेची तारीख आणि ती चालू आहे की बंद हे पाहता येतं. प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो, त्यात राज्य आणि स्थापनेचं वर्षसुद्धा दडलेलं असतं. २०१७ पासूनच्या जीएसटीचा क्रमांक १५ स्थानांचा. महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने आणि पुढची दहा स्थानं म्हणजे पॅन. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की धंद्याचं मुख्य ठिकाण आणि नोंदणी सक्रिय आहे की रद्द झाली हे दिसतं. (हे सगळं मी भाच्याकडून शिकले. या वयात संधिविग्रहापेक्षा हे बरं लक्षात राहतं.)

पण मला खरी मौज वाटली ती कागदावर नसलेल्या याद्यांची. भोसरीत कुणाकडे काम आहे आणि कोण बसून आहे हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? हीट ट्रीटमेंटवाल्याला आणि प्लेटिंगवाल्याला. दहा ठिकाणचा माल त्यांच्याकडे येतो. त्यानंतर टेम्पोवाल्याला. भंगारवाल्याला तर पत्र्याच्या कातरणावरून महिन्याचा हिशेब सांगता येईल. यांतली कुठलीच माहिती शिळी नसते. बाहेरच्या यादीवाल्याला तर एवढंही ठाऊक नसतं की भोसरी-पिंपरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी फोन लावून 'कुणी उचलत नाही' असं म्हणणारा माणूस आपला नव्हे, हे ओळखावं.

आणि जुन्या, सभ्य याद्याही आहेतच. पुण्यातलं मराठा चेंबर १९३४ सालचं. अशा संस्थांच्या सभासदांमध्ये ऊठबस ठेवली तर माणसं भेटतात. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये आणि मोशीला प्रदर्शनं भरतात. तिथल्या सहभागींच्या पुस्तिकेत प्रत्येकाचा स्टॉल, माल, पत्ता छापलेला असतो. तो छापलाच आहे लोकांनी यावं म्हणून.

तेव्हा लहान उद्योजकाने स्वस्त यादी शोधावी यात मला काही गैर वाटत नाही. माझा आक्षेप आहे तो त्या नमुन्याच्या उजवीकडच्या चार रकान्यांना. त्यांत खरेदी खात्यातल्या माणसाचं नाव, त्याचा खाजगी मोबाईल, जन्मतारीख आणि काहींच्या पुढे घरचा पत्ता होता. गेजचं कोटेशन देण्यासाठी जन्मतारीख कशाला लागते, मला सांगा!

याद्यांशी माझा संबंध जुना आहे. मी शाळेत होते तेव्हा दहावीचा निकाल जवळ आला की क्लासवाल्यांची माणसं यायची. डायरी, पेनांचा डबा, आणि हळूच, "बाई, मुलांची नावं नि घरचे फोन मिळाले तर..." मी कधी दिली नाही. तरी यादी कुठून तरी बाहेर जायचीच. एका वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील मार्चमध्ये, ऐन परीक्षेत वारले. मे महिन्यात शेजाऱ्यांकडे फोन आला (त्यांच्याकडे फोन नव्हता, शेजारचा नंबर दिलेला), वडिलांचं नाव घेऊन, "साहेबांना द्या, मुलीच्या ॲडमिशनबद्दल बोलायचंय." आई शेजारून धावत आली होती, नातेवाइकांचा असेल म्हणून. ती बाई नंतर शाळेत येऊन मला एवढंच म्हणाली, "तुमच्याकडेच लिहून दिलं होतं ना हो नाव?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भाचा म्हणाला, "आत्या, यांनी स्वतःच प्रदर्शनात कार्ड वाटलेली असतात." असतील. पण मी तुम्हाला कार्ड दिलं ते तुमच्याशी बोलण्यासाठी, तुम्ही ते शेकड्यावर विकावं म्हणून नव्हे. आता कायदाही या बाजूला सरकतो आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला कायद्यात सूट आहे. पण तुमच्या यादीतलं कुठलं नाव जाहीर होतं आणि कुठलं कुणाच्या टेबलावरून उचललेलं, हे पाच हजारांत विकणारा सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही.

पेन्शनवर बसून असा उपदेश करणं सोपं आहे, हे मला कळतं. सात घरांचा पगार सात तारखेला याला द्यावा लागतो, मला नव्हे. म्हणून नुसतं 'घेऊ नकोस' म्हणून थांबले नाही. दोघांनी चार रविवार बसून वही केली. माझा ठेका अक्षराचा, त्याचा माहितीचा. पिनकोडनुसार रकाने पाडले: भोसरी औद्योगिक वसाहत ४११०२६, चाकण ४१०५०१. एकूण ११२ नावं झाली. प्रत्येकापुढे काय बनवतात, त्यांना गेज लागतात का, आणि ही माहिती कुणी सांगितली हे लिहिलं. माणसाचं नाव त्या माणसाने स्वतः दिलं तरच लिहायचं, ही माझी अट. तो थोडा कुरकुरला, पण ऐकलं.

आतापर्यंत ४० ठिकाणी जाऊन आला आहे. बऱ्याच जागी वॉचमनच्या रजिस्टरपलीकडे मजल गेली नाही. चाकणच्या बड्या कारखान्यांच्या गेटवर तर जायचंच नाही हे त्याने आता ठरवलंय; त्यांची खरेदी गेटवर होत नसते, आणि याचं काम त्यांच्या पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे असतं. दोघांनी ड्रॉइंग पाठवली. एकाशी दर जमला नाही. दुसऱ्याचं उत्तर यायचं आहे; काल गुरुवार होता.