काळोख म्हणजे कला नव्हे

आमच्या तरुणांस रस्त्यावरील जीवनाचीं कृष्णधवल छायाचित्रें घेण्याचा नाद पुन्हां लागला आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या काळांत ते फिल्म विकत घेतात, ती घरीं धुतात, ह्याचा आम्हांस आनंदच आहे. आमचा वाद त्या नादाशीं नाहीं. त्याबरोबर बोकाळलेल्या एका समजुतीशीं आहे. छाया जितकी काळी आणि दाणा जितका जाड, तितकें चित्र श्रेष्ठ, अशी ती समजूत होय. ती खोटी तर आहेच, परंतु आमच्या मतें अन्यायाचीही आहे.

उदाहरणार्थ आटगांव घ्या. शहापूर तालुक्यांतील, कसाऱ्याच्या लोहमार्गावरील हें लहानसें स्थानक. मे महिन्याच्या भर दुपारीं करवंदांची पाटी डोक्यावर घेतलेली कातकरी बाई तेथें फलाटावर उभी आहे अशी कल्पना करा. पाटीची छाया तिच्या सावळ्या मुखावर, आणि मागें उन्हानें तळपणारा फलाट. हा विरोध सांभाळणें फिल्मला मुळांतच जड. अशा वेळीं आमचा कलावंत काय करतो? एचपी-५ किंवा ट्राय-एक्स ही ४०० वेगाची फिल्म १६०० ची मानून तिला चतुर्थांश प्रकाश देतो, आणि उणीव भरून काढण्यासाठीं डेव्हलपरमध्यें जवळजवळ दुप्पट वेळ ठेवतो. ह्यास 'पुश' करणें म्हणतात. रात्रीच्या अंधुक उजेडांत त्याचा उपयोग आहे. उन्हांत तो निव्वळ अविचार होय. छायेंतील तपशील प्रकाश पडतो त्या क्षणींच नोंदला जातो. जें फिल्मवर उमटलेंच नाहीं, तें रसायनांत कितीही वेळ बुडविलें तरी येत नाहीं. वाढतात ते उजळ भागच. फलाट भगभगीत पांढरा होतो, आणि बाईच्या जागीं एक काळी आकृति उरते. प्रदर्शनांत लोक तिला 'प्रभावी' म्हणतात!

कोणी म्हणेल, कलावंतास स्वातंत्र्य नको काय? अवश्य असावें. परंतु हाच कलावंत स्वतःच्या बहिणीच्या लग्नांत तिचें मुख असें काळोखांत बुडवील काय? तेथें तो छाया सांभाळतो, कारण तेथें मुखास नांव आहे. आटगांवच्या फलाटावर मात्र त्यास मुख नको, 'दारिद्र्य' हवें असतें. आमचा आक्षेप येथें आहे. १९१९ सालीं जालियनवाला बागेंतील हत्याकांडानंतर नारायण विनायक विरकर ह्यांनीं तेथील भिंतींचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांत गोळ्यांच्या खुणा स्पष्ट दिसतात, म्हणूनच तीं आजही साक्ष देतात. जें चित्र कांहीं दिसूंच देत नाहीं, तें साक्ष कसली देणार?

उपाय अवघड नाहीं. प्रखर उन्हांत ४०० ची फिल्म २०० ची मानावी, म्हणजे छायेस दुप्पट प्रकाश मिळतो. आणि धुण्याचा वेळ सुमारें एक पंचमांशानें कमी करावा, म्हणजे उजळ भाग आटोक्यांत राहतात. दुसरें, धुण्याच्या छापील वेळा बहुधा २० अंश सेल्सिअस उष्णमानाच्या असतात. आमच्याकडे उन्हाळ्यांत बादलींतलें पाणी सहज ३० अंशांवर जातें. त्यांत तोच वेळ पाळल्यास नकळत 'पुश' होतोच. तेव्हां बर्फानें तें निववावें. आयडी-११ मध्यें एचपी-५ ला साडेसात मिनिटें लागतात. तेंच डेव्हलपर समभाग पाण्यांत मिसळल्यास तेरा. वेळ लांबला कीं हात स्थिर राहतो, आणि अर्ध्या मिनिटाची चूक चित्र बिघडवीत नाहीं.

त्या बाईनें आपलें छायाचित्र काढा असें कोणास सांगितलेलें नसतें. तें घेणाऱ्यानें निदान तिचें मुख तरी तिचें तिला ठेवावें. आमच्या वाचकांनींही असें चित्र पाहतांना, तें किती काळें आहे हें न विचारतां, त्यांत कोण आहे हें आधीं विचारावें. उत्तर न मिळाल्यास त्या चित्राची वाखाणणी करूं नये.