दादाचा सैनिक आणि ‘किंमत जाते’वाले

तर मंडळी, दिवाळीत आमच्याकडे जे भांडण झालं त्याच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या सध्या नातेवाइकांत फिरतायत. एकीत मी पुण्याच्या मेहुण्यांचा अपमान केला. दुसरीत मी चाळिशी ओलांडून बाहुल्या खेळतो. तिसरीत मी दादाची आठवण रंग फासून नासवली. पहिली थोडीशी खरी आहे, दुसरी पूर्ण खरी आहे. तिसरीबद्दल मात्र सविस्तर लिहायला पाहिजे, म्हणून हा प्रपंच.

आधी पार्श्वभूमी. 1993 च्या दिवाळीत गोव्याच्या काकांनी आम्हा भावंडांसाठी जीआय जोचे चार सैनिक आणले होते. तीस सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. अंबाजोगाईत आमचं घर पडलं नाही, पण त्यानंतर कितीतरी रात्री आम्ही लेकरं अंगणात सतरंज्यांवर झोपत होतो. जरा कुठं ट्रक गेला की आई उठून बसायची. त्या अंगणात, कंदिलाच्या उजेडात, ते चार पावणेचार इंची सैनिक आले. गुडघ्यात, कोपरात, कमरेत वाकणारी माणसं! तोवर आमच्या घरात खेळण्यातलं माणूस म्हणजे एक तर आडवं पडलं की डोळे मिटणारी बाहुली, नाही तर जत्रेतला प्लास्टिकचा पोकळ पोलीस. दादानं चारांतला एक स्वतःला घेतला तो कायमचा. झोपताना उशाला, शाळेत जाताना दप्तरात. भीती वाटली की त्याच्या छातीवर अंगठा घासायची त्याला सवय लागली.

दादा 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडनं गेला.

गेल्या वर्षी जुनं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावर पार्लेच्या पत्र्याच्या डब्यात चारही सैनिक सापडले. दोघांचे कमरेपासून दोन तुकडे झालेले, एकाचे दोन्ही अंगठे गायब. दादाच्या सैनिकाचेही तुकडे झालेले, आणि छातीवरचा रंग एका ठिकाणी साफ उडून खालचं प्लास्टिक चकाकत होतं. ती जागा बरोबर अंगठ्याएवढी आहे.

तिथून घरात तीन पक्ष पडले. पहिला पक्ष आत्याबाईंचा: “मोडकं खेळणं घरात ठेवू नये, टाकून द्या.” दुसरा पक्ष पुण्याच्या मेहुण्यांचा. ते जुन्या वस्तू जमवतात आणि जाणकार आहेत, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. ते म्हणाले, “हात लावू नकोस. स्क्रू फिरवलास तरी किंमत जाते.” तिसरा पक्ष म्हणजे दादाचा मुलगा, वय वर्षे अकरा. त्यानं एवढंच विचारलं, “काका, हा उभा राहील का?”

मी तिसऱ्या पक्षात गेलो.

आता मेहुण्यांच्या मुद्द्याकडे वळतो, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हे सैनिक साधे नाहीत. मूळ खेळणं अमेरिकेच्या हॅसब्रो कंपनीचं. 1964 साली त्यांनी बारा इंची जीआय जो काढला. मुलगे बाहुली म्हटलं की घेणार नाहीत, म्हणून त्याला ‘अ‍ॅक्शन फिगर’ असं नवं नाव दिलं. (आत्याबाई, बघा, ही भीती अमेरिकेतसुद्धा होती!) 1982 मध्ये त्याची पावणेचार इंची धाकटी आवृत्ती आली, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हॅसब्रोच्या साच्यांतून फनस्कूल ही भारतीय कंपनी ते सैनिक इथं बनवू लागली. फनस्कूल म्हणजे टायरवाल्या एमआरएफची कंपनी, आणि कारखाना आपल्या गोव्यात. आमच्या काकांना दुकानात सहज मिळाले ते त्यामुळेच असावेत. गंमत अशी की भारतीय सैनिकांचे रंग कित्येकदा मूळ अमेरिकन सैनिकांपेक्षा वेगळे असत. तिकडं जो हिरवा, तो इकडं भलत्याच रंगाचा. आज परदेशातले संग्राहक नेमक्या याच भलत्या रंगांसाठी ते शोधत असतात. म्हणजे रंगातच किंमत आहे, हे मेहुण्यांचं म्हणणं खरं. शिवाय काही लोकांनी पाकीटसुद्धा न फोडता ती जपली, म्हणून तर कोणते रंग कधी निघाले हे आज आपल्याला कळतं. त्यांचे उपकारच आहेत.

पण इथून पुढं आमचं जमत नाही.

‘किंमत जाते’ या वाक्यात एक गोष्ट गुपचूप धरून चाललेली असते, की हे खेळणं एक ना एक दिवस विकायचं आहे. अहो, कोण विकणार आहे? दादाचा सैनिक कुणा अनोळखी माणसाच्या काचेच्या कपाटात जावा म्हणून आम्ही त्याला डब्यात दोन तुकडे करून ठेवायचा? ज्या वस्तूला विकायचंच नाही तिच्या बाजारभावाची काळजी करणं म्हणजे लेकीच्या लग्नातल्या फोटोला मोड किती येईल ते विचारण्यासारखं झालं.

आणि दुरुस्ती म्हणजे काय, हे तरी बघा. या सैनिकाची छाती दोन भागांची असते, पाठीतल्या एका बारीक स्क्रूनं जोडलेली. आत काळ्या रबराची एक छोटी रिंग असते. तिचं एक टोक छातीतल्या खुंटीत अडकतं आणि दुसरं दोन्ही पायांना जोडणाऱ्या धातूच्या आकड्यात. सगळा माणूस त्या रबराच्या ताणावर उभा. रबर वीसतीस वर्षांत कडक होतं, तडकतं आणि एक दिवस तुटतं. सैनिक ‘मोडतो’ तो बहुधा असा. प्लास्टिक धडधाकट असतं, फक्त आतला धागा गेलेला असतो.

रिंग आणायला मी मोंढ्याजवळच्या मोटार-पंप दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, “कोणत्या पंपाची?” म्हटलं, “पंपाची न्हाई, माणसाची.” त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि बारीक मापाच्या रिंगांची पिशवीच पुढं केली. तिसऱ्या मापाची बसली. पुतण्यानं स्वतः स्क्रू काढला, आकडा अडकवला, छाती मिटवली, स्क्रू फिरवला. सैनिक ओट्यावर उभा राहिला. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप हातात धरून तशाच थांबल्या.

किंमत गेली म्हणे!

जुन्या वस्तूंची शास्त्रोक्त निगा राखणारेही पहिला नियम हाच सांगतात की जे कराल ते पुन्हा उलटवता आलं पाहिजे. रिंग उद्या काढता येते, जुनी तुटकी रिंग मी पुडीत बांधून डब्यात ठेवलीय. म्हणजे शास्त्रसुद्धा माझ्या बाजूला आहे, मेहुण्यांच्या नाही.

रंगाचं मात्र वेगळं आहे, आणि माझ्यावरचा तिसरा आरोप तिथलाच. ऐका. दादाच्या सैनिकाला मी रंगाचा एक थेंबही लावलेला नाही. छातीवरची अंगठ्याची जागा तशीच आहे. पुतण्या म्हणाला होता, “इथं रंग देऊ का?” मी त्याचा अंगठा धरून त्या जागेवर ठेवला आणि ती का उडालीय ते सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. कारखान्यात रंगलेला सैनिक हजारोंनी निघाला, या अंगठ्यानं पुसलेला एकच आहे. तो मी कशाला झाकू?

रंगवला तो दुसरा. दोन्ही अंगठे गेलेला, चेहरा घासून सपाट झालेला, जो कुणाचाच लाडका नव्हता. त्याचं पुतण्यानं आणि मी मिळून काय केलं ते सांगतो, म्हणजे ‘रंग फासला’ म्हणणाऱ्यांना नीट तपशील मिळेल. आधी साबणाच्या कोमट पाण्यानं धुतला, कारण जुनं मऊ प्लास्टिक चिकट होतं आणि चिकटावर रंग धरत नाही. अंगठे एम-सीलचे केले, दाभणानं कोरून. डोक्याला एम-सीलचाच फेटा बांधला. सांध्यांच्या आतल्या कडा पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं किंचित घासल्या, नाही तर हात हलवला की पहिल्याच दिवशी रंग खरवडून निघतो. मग अ‍ॅक्रिलिकचे पातळ-पातळ हात, एक वाळल्यावर दुसरा. (घाईत नेलपॉलिश काढायचं द्रावण वापरू नका. एका सैनिकाची पोटरी माझ्या हातून विरघळलीय. चौथा तो.) बंदुकीच्या जागी शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याचा कोयता कापून दिला. हातात वस्तू बसवण्याआधी हात गरम पाण्यात धरायचा, नाही तर अंगठा पुन्हा तुटतो.

झाला आमचा ऊसतोड कामगार तयार.

दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये, लेकराबाळांसकट. दुकानातल्या खेळण्यांत अमेरिकेचा सैनिक आहे, जपानचा रोबो आहे. बीडचा माणूस मी तरी अजून कुठल्या दुकानात बघितला नाही. तो असा मोडक्यातून घरी करावा लागतो. पुतण्याच्या वर्गातला एक मुलगा दर वर्षी दिवाळीनंतर शाळेत नसतो. हा कोयतेवाला बघून तो म्हणाला, “याला उसाची मोळी पाह्यजे की.” मग दोघांनी झाडूच्या काड्यांची मोळी बांधली. मेहुण्यांच्या कपाटात पाकीटबंद सैनिक आहेत, त्यांच्यावर असं बोलणं अजून झालेलं नाही.

‘मूळ रूप बिघडवू नये’ असं सांगणाऱ्यांना एकच विचारतो. पोळ्याला आपण बैलाची शिंगं दर वर्षी ऑइल पेंटनं रंगवतो, तेव्हा बैलाची किंमत जाते का? पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीला झीज थांबावी म्हणून वज्रलेप करतात. 2020 च्या टाळेबंदीतही झाला. सप्तशृंगीच्या देवीवरचं शेंदराचं जुनं कवच 2022 साली काढलं तेव्हा खालचं रूप बघून लोक हरखून गेले. म्हणजे लेप देणं आणि लेप काढणं या दोन्ही गोष्टी आपण देवाच्या बाबतीतही करतो, विचार करून करतो. मग पावणेचार इंची प्लास्टिकलाच एवढं सोवळं कशाला?

आता आत्याबाईंच्या पक्षाला. मोडकं टाकून नवं आणा, हे म्हणणं सोपं आहे. पण पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघितलंय ना तुम्ही? आपण मिळूनच गेलो होतो. दिनकर केळकरांचा राजा नावाचा मुलगा लहानपणी गेला, त्याच्या नावानं ते उभं आहे. दिवे, अडकित्ते, भांडी, बाहुल्या, सगळी लोकांच्या घरातली रोजची वस्तू. त्या घराघरांतल्या आत्याबाईंनी ‘टाकून द्या’ म्हटलं असतं तर तिथं काय दिसलं असतं? रागावू नका, दिवाळीतल्या करंज्या तुमच्याच सर्वांत चांगल्या होत्या. :-)

एका बाबतीत मात्र आत्याबाई बरोबर आहेत. जुनं खेळणं बारक्या लेकराच्या हातात देऊ नये. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, आणि लेकरू सगळं तोंडात घालतं. आपल्याकडं घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर आणणारा नियम 2017 च्या नोव्हेंबरात लागू झाला. त्याआधीचं काही कोरडं घासू नका, धूळ उडवू नका, काम झाल्यावर हात धुवा. धाकट्या भाचीला मी सैनिक दिला नाही म्हणून ताई रुसलीय, तिच्यासाठीही हेच उत्तर.

म्हणजे माझं म्हणणं काय, तर मोडलेलं चालतं करावं, कायम. रंग द्यायचा तो ज्याचं जुनं रूप कुणाला काही सांगत नाही त्याला, आणि जिथं हाताची खूण आहे तिथं हात आवरावा. रंगवलेलं ‘मूळ’ म्हणून कुणाला विकू नये, ती फसवणूक आहे. एवढं पाळलं की पुढं खुशाल बाहुल्या खेळाव्यात, वय कितीही असो.

मेहुण्यांना जाहीर विनंती: तुमच्याकडच्या त्या पाकीटबंद सैनिकांच्या आतली रबराची रिंगही आता तिशीत पोचलीय. पाकीट न फोडतासुद्धा ती तुटणार आहे. तुटली की कळवा. पिशवीत बऱ्याच रिंगा शिल्लक आहेत, आणि बसवायला आता आमच्याकडं अकरा वर्षांचा कारागीर आहे.

दादाचा सैनिक सध्या त्याच्या दप्तरात असतो. शाळेत नेऊ नको असं मी एकदा सांगून बघितलं. मग सोडून दिलं.